भाकरीचा राखणदार

गंगाधरपंत सोहोनींनी त्या उन्हाळ्यात सांगलीला जाऊन मौर्यांच्या राज्यकारभारावर, गेला बाजार उसाच्या रसाच्या गुणधर्मांवर व्याख्यान दिलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला कोणी दोन शब्द बोलायला बोलावलं, की तो दोनच शब्दांवर थांबत नाही. गंगाधरपंतांनी तर एकच शब्द घेतला होता, आणि तोही पुरून उरला.

झालं असं, की सांगलीच्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतल्या एका वक्त्याला ऐन वेळी कांजिण्या आल्या आणि चिटणिसांना साताऱ्याच्या सोहोनी मास्तरांची आठवण झाली. आठवण कांजिण्यांमुळे झाली, एवढा तपशील वगळून गंगाधरपंतांनी ही बातमी साऱ्या यादोगोपाळ पेठेत सांगितली. निवृत्तीनंतर त्यांना कोणी काही विचारलेलंच नव्हतं. घरात भाजी कोणती करायची हेसुद्धा नाही. त्यामुळे हे व्याख्यान त्यांना जिवाच्या पलीकडचं होतं. ते नीट झालं तर आपण अजून आहोत, असं त्यांना वाटणार होतं.

विषय त्यांनी ठरवला, 'लॉर्ड या शब्दाचं कूळ आणि मूळ'.

शेजारचे तात्या फडणीस हे ऐकून ओटीवरच बसले. तात्यांचा जन्म कचेरीत कारकुनी करण्यात गेला होता. अशा माणसाला जगातली कुठलीच गोष्ट जशी दिसते तशी असेल असं वाटत नाही.

"कोणता लॉर्ड?" तात्यांनी विचारलं.

"कोणताच नाही. नुसता शब्द."

"नुसता कसा असेल? त्याच्यामागे कोणीतरी असणारच."

"त्याच्यामागे पाव आहे," गंगाधरपंत म्हणाले, आणि त्यांना हवी होती ती संधी मिळाली. "हजार वर्षांपूर्वी इंग्रज लोक धन्याला ह्लाफवेअर्ड म्हणत. ह्लाफ म्हणजे पाव, वेअर्ड म्हणजे राखणदार. पावाचा राखणदार! बोलून बोलून शब्द झिजला. देवळाची पायरी झिजते तसा. ह्लाफवेअर्डचा लॉव्हर्ड झाला, लॉव्हर्डचा लॉर्ड. आपल्याकडे म्हणायचं तर भाकरीचा राखणदार."

'ह्लाफ' म्हणताना समोरच्यावर थोडे तुषार उडत. तात्यांनी उपरण्याने चेहरा पुसला आणि आवाज खाली आणला.

"आणि हे तुम्ही लढाई चालू असताना, लोक रेशनच्या दुकानापुढे उभे असताना, चारचौघांत बोलणार? भाकरीचा राखणदार तो लॉर्ड! पंत, तुमच्या तोंडून हे कोण वदवून घेतंय?"

"कोश! मी हजार वर्षांपूर्वीचं बोलतोय, तात्या."

"हजार वर्षांपूर्वीचं बोलणारेच पुष्कळ आत आहेत सध्या," तात्या म्हणाले आणि जाताना दार लोटून घेऊन गेले. दार गंगाधरपंतांचं होतं.

स्वयंपाकघरात पंतांच्या पत्नी विनोदिनीबाई कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, लालसर पिठाशी झटत होत्या. ते पीठ मळलं तरी एकमेकांना धरून राहत नसे. गंगाधरपंत उंबऱ्यात उभे राहिले आणि त्यांनी उरलेलं व्याख्यान तिथे दिलं. लॉर्ड म्हणजे पाव राखणारा. लेडी म्हणजे ह्लाफडिगे, पाव मळणारी. आणि त्यांच्या पदरी असलेला नोकर तो ह्लाफएटा, म्हणजे पाव खाणारा.

"म्हणजे राखायचं त्याने, मळायचं तिने आणि खायचं गड्याने?" विनोदिनीबाई म्हणाल्या. "मग राखणारा स्वतः काही खात नव्हता का?"

हा प्रश्न गंगाधरपंतांना उथळ वाटला. त्यांनी विषय बदलून आपला इंग्रजी कोश मागितला. या कोशात प्रत्येक शब्दाची जन्मकुंडली होती. विलायतेला परत जाणाऱ्या एका पाद्र्याकडून त्यांनी तो घेतला होता आणि त्याचे जाडजूड खंड माजघरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत असत. त्यांना 'एल' अक्षराचा खंड हवा होता.

"ट्रंक उघडायची नाही हं," विनोदिनीबाई घाईघाईने म्हणाल्या. "पुस्तकांना कसर लागली होती. मी कडुलिंबाचा पाला घालून बंद केलीय. पावसाळ्यापर्यंत वारा लागता कामा नये."

"अगं, पण माझं व्याख्यान?"

"तुम्हाला सगळं पाठच आहे की!"

ही स्तुती असल्यामुळे गंगाधरपंतांना पुढे बोलता आलं नाही. ट्रंकेची किल्ली बाईंच्या कमरेला होती आणि कुलूप नवं होतं. ट्रंकेच्या फटीतून एक सोंडवाला काळा किडा बाहेर आला आणि भिंतीकडे निघाला. गंगाधरपंतांनी त्याच्याकडे द्वेषाने पाहिलं. मेल्याने 'एल' तर खाल्ला नसेल? त्यांना आणखी एक गोष्ट अलीकडे जाणवत होती. त्यांची गादी फार टणक झाली होती, आणि कुशीवर वळलं की बरगडीत कसला तरी कोपरा रुतत होता. पण वयाप्रमाणे बरगड्याही बदलत असतील म्हणून ते बोलले नव्हते.

आता कोश नाही म्हटल्यावर कोणताही शहाणा माणूस पाठ आहे तेवढ्यावर भागवतो. पण गंगाधरपंतांना विद्वत्तेची खोड होती. नुसतं इंग्रजांचं सांगून सांगलीकर गप्प बसायचे नाहीत. आपल्याकडेही घराचा धनी तोच, ज्याच्या हाती कोठीची किल्ली, हे दाखल्यासकट सांगितलं पाहिजे. आणि दाखले हवेत तर घरोघर जाऊन विचारलं पाहिजे.

तो काळ आठवा. सरकारने धान्यावर लेव्ही बसवली होती. पिकवायचं शेतकऱ्याने, न्यायचं सरकारने, आणि शहरातल्या माणसाने पिशवी घेऊन उभं राहायचं, तेव्हा ते किडकं लाल धान्य मिळायचं. ठरलेल्यापेक्षा जास्त दाणा घरात सापडला, की जप्ती. त्यामुळे प्रत्येकाच्या घरी कुठेतरी थोडंसं काहीतरी होतं, आणि आपल्याकडे काही नाही असं प्रत्येक जण प्रत्येकाला सांगत होता. सरकारच्या सप्लाय खात्याचे खबरे गावोगाव हिंडतात, अशी बोलवा होती. खबऱ्याचा संशय ज्याच्यावर येई त्याच्या तळपायांचं भूमिगतांच्या हाती पुढे काय होतं आणि त्यांना पत्री कशी ठोकतात, हे त्या सालात सातारा जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावं लागत नसे.

अशा काळात गंगाधरपंत सोहोनी काळी टोपी घालून पेठेतल्या घरोघरी गेले आणि त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे दाणा कुठे ठेवता? आणि किल्ली कोणाकडे असते?"

पहिल्या घरी पद्मावहिनींनी त्यांना अर्धा कप चहा दिला होता. प्रश्न ऐकून त्यांनी तो परत घेतला. दुसऱ्या घरी यजमान घरात नाहीत असं यजमानांनीच आतून सांगितलं. तिसऱ्या घरी एका म्हातारीने, "धान्य? ते कसं असतं हो दिसायला?" असं विचारलं. गंगाधरपंतांनी तिला स्मृतिभ्रंश झाला असावा असं समजून सहानुभूती दाखवली.

"शहरात जुन्या चालीरीती राहिल्या नाहीत," त्यांनी तात्यांना सांगितलं.

तात्या दोन पावलं मागे सरकले. "मग मेढ्याकडे जा. डोंगरातले लोक जुन्या वळणाचे. मनमोकळे बोलतील." हा सल्ला तात्यांनी का दिला, हे पुढे त्यांनाही सांगता आलं नाही. निदान पेठेतून तरी हा माणूस जाईल, एवढाच त्यांचा हेतू असावा.

लढाईमुळे पेट्रोल नव्हतं, म्हणून मेढ्याची मोटार कोळशाच्या गॅसवर चाले. चढ आला की उतारू उतरून तिच्या मागे चालत आणि फारच चढ आला की तिला ढकलत. गंगाधरपंत मेढ्याला पोचले तेव्हा त्यांचं धोतर कोळशाने काळं झालं होतं. तिथून पुढे एका वाडीपर्यंत पायी गेले. वाडीत त्यांचा एक जुना विद्यार्थी राहत असे, तो पलटणीत भरती होऊन दूर देशी गेला होता. त्याचा भाऊ ज्ञानू आणि आई साळूबाई घरी होती.

मास्तर आले म्हणून घोंगडी पडली, गूळपाणी आलं. साळूबाई पाळण्याची दोरी ओढत बसली होती. सगळं कसं दृष्ट लागण्यासारखं होतं. मग गंगाधरपंतांनी टोपी काढली, घाम पुसला आणि विचारलं, "काय रे ज्ञानू, तुमच्याकडे दाणा कुठे ठेवता?"

साळूबाईची दोरी थांबली आणि मग जोरात ओढली जाऊ लागली.

"दाणा?" ज्ञानू म्हणाला. "आवं मास्तर, समदा लेव्हीत गेला. घरात उंदीर बी ऱ्हायला न्हाई. त्यो बी सासुरवाडीला गेला."

"नाही, तसं नव्हे. पूर्वी कुठे ठेवायचे? कणगीत? आणि त्याची राखण कोण करायचं? तू, की तुझी आई?"

"कुनाला सांगायचं हाय हे तुमास्नी?"

"सांगलीला सांगायचंय! भर सभेत!" गंगाधरपंत अभिमानाने म्हणाले.

ज्ञानूने आईकडे पाहिलं. आईने ज्ञानूकडे पाहिलं. गंगाधरपंतांना आता काहीतरी घरगुती बोलावंसं वाटलं. ते पाळण्यापाशी गेले. आत टोपडं तोंडावर ओढलेलं, गळ्यापर्यंत पांघरलेलं बाळ होतं.

"नातू का? फार शांत आहे हो."

"दमलाय त्यो," साळूबाई म्हणाली. "हात नगा लावू मास्तर, जागा व्हतोय."

पण विद्वान माणसाला बाळाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिल्याशिवाय राहवत नाही. गंगाधरपंतांनी हात ठेवला. टोपड्याखालून सळसळ असा आवाज आला. "बाळसं चांगलं धरलंय," ते म्हणाले. "पण डोकं जरा मऊ लागतंय, टाळू भरायला हवी. तेल घाला." साळूबाईने पदर तोंडात कोंबला. तिला रडू आलं असावं असं त्यांना वाटलं.

निरोपाला ज्ञानूबरोबर वाडीतले आणखी पाचसहा बापे आले. सगळ्यांच्या हातांत काठ्या होत्या. मास्तरांना मोटारीपर्यंत पोचवायला एवढी मंडळी आली, हे पाहून गंगाधरपंतांना भरून आलं. मोटारीत चढताना त्यांची वहाण निसटली, ती ज्ञानूने उचलून पायापाशी ठेवली आणि म्हणाला, "मास्तर, तुमचं तळपाय लय नाजूक हायती. जपा गड्या तेंला. पुन्यांदा हिकडं चालत येऊ नगा."

"किती माया असते ना या लोकांना!" घरी आल्यावर त्यांनी विनोदिनीबाईंना सांगितलं. बाईंच्या हातातलं भांडं खाली पडलं.

त्यानंतर पेठ बदलली. दूधवाली दुधाचं भांडं कट्ट्यावर ठेवून हाक न मारता जाऊ लागली. न्हावी दाढी करताना मुकाट असे, आणि मुकाट न्हाव्याच्या हाती वस्तरा असणं फार वाईट. चैत्रातल्या हळदीकुंकवांची बोलावणी विनोदिनीबाईंना आली नाहीत. गंगाधरपंत चौकात दिसले की बायका सुपं घेऊन आत पळत, जणू सुपातले खडे दाण्यांपेक्षा मोलाचे होते. तात्या ओटीवर यायचे बंद झाले. काही विचारायचं असलं तर मधल्या भिंतीपलीकडून विचारत, म्हणजे दोघांना एकत्र बसलेलं कोणी पाहायला नको.

गंगाधरपंतांना हे कळत होतं, पण कारण उमगत नव्हतं. लोकांना आपल्या व्याख्यानाचा हेवा वाटतो, असं त्यांनी ठरवलं. शेवटी विनोदिनीबाईच एका दुपारी समोर येऊन बसल्या.

"तुम्हाला नक्की काय हवंय ते एकदा सांगा," त्या म्हणाल्या. "कोठी, दाणा, किल्ली! घरात तेच, दारात तेच. माझ्यावर काही संशय आहे का तुमचा?"

"तुझ्यावर? कशाचा?"

बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. "मग लोकांचा तुमच्यावर आहे," त्या म्हणाल्या. "सप्लायचे खबरे म्हणतात तुम्हाला. पेठेतल्या कोणाच्या घरी आज ना उद्या जप्ती येणार आणि ती तुम्ही आणणार, असं बोलतात."

गंगाधरपंतांना आधी हसू आलं, मग राग आला. या पेठेतली निम्मी मुलं त्यांच्या हाताखालून गेली होती. एकदाही त्यांनी कोणाची चुगली हेडमास्तरांकडे केली नव्हती. त्यांनी टोपी घातली, सांगायला बाहेर पडले, आणि पद्मावहिनींच्या दारापाशी त्यांच्या लक्षात आलं, की चोर नाही हे सिद्ध करता येतं, खबऱ्या नाही हे सिद्ध करायचा मार्गच नाही. मी खबऱ्या नाही, हे खबऱ्याच आधी म्हणतो. ते परत आले.

दुसऱ्या दिवशी सांगलीहून चिटणीस आले. फार सभ्य माणूस. त्यांनी हवापाण्याविषयी विचारलं, पाणी प्यायलं नाही, आणि म्हणाले, "मास्तर, गैरसमज नसावा. आमच्याकडे जरा... कानावर आलंय. सभेला शेतकरी मंडळीही असतात. काही विपरीत व्हायला नको. तेव्हा आम्ही म्हणत होतो, कांजिण्यावाले आता बरे झालेत."

"मी कोणाचाही माणूस नाही," गंगाधरपंत म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

"तसं कोणी म्हणत नाहीये," चिटणीस म्हणाले. "पण नसल्याचं काही प्रमाण असेल तर आठवडाभरात कळवा."

नसल्याचं काही कुठून आणायचं? गंगाधरपंत दोन दिवस त्या टणक गादीवर पडून राहिले.

इकडे मेढ्याकडे आणखी एक चक्र फिरलं होतं. वाडीच्या लोकांनी थेट तालुक्याला जाऊन बोंब मारली होती, की तुमचा सप्लायचा माणूस आमच्या घराघरांतून हिंडतो, लेकरांच्या पाळण्यात हात घालतो. तालुक्याने साताऱ्याला विचारलं. साताऱ्याने सांगितलं, असा माणूस आम्ही पाठवलेलाच नाही. म्हणजे कोणीतरी भामटा सप्लायचा अंमलदार बनून हिंडतोय! आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सप्लायचे इन्स्पेक्टर आकाराम जगताप एक शिपाई घेऊन सोहोनींच्या दारात उभे राहिले.

पेठ क्षणात गोळा झाली. तात्या भिंतीवरून वाकले. आपला खबऱ्या आपल्या साहेबाला भेटतोय, हे सगळ्यांना डोळ्यांनी बघायचं होतं.

"सरकारी अंमलदार असल्याची बतावणी करणं हा गुन्हा आहे, ठाऊक आहे ना?" इन्स्पेक्टर माजघरात येऊन बसत म्हणाले. "लोकांना दाणा कुठे आहे असं विचारत हिंडत होता तुम्ही?"

"होय. व्याख्यानासाठी."

"कसलं व्याख्यान?"

गंगाधरपंतांनी सांगितलं. ह्लाफवेअर्डपासून सुरुवात केली. इन्स्पेक्टरांनी दोनदा चेहरा पुसला.

"एका शब्दासाठी तुम्ही कोळशाच्या मोटारीतून मेढ्याला गेलात?" ते शांतपणे म्हणाले. "मास्तर, मी या खात्यात बऱ्याच थापा ऐकल्यात. पण ही नवी आहे."

थापा! पेठेने खबऱ्या म्हणावं, सांगलीने नको म्हणावं, आणि आता ह्या माणसाने त्यांच्या विद्येलाच थाप म्हणावं? ते ताडकन उठले. "माझ्याजवळ पुरावा आहे. छापील! 'एल'चा खंड! अगं, किल्ली दे ट्रंकेची."

"हरवली," विनोदिनीबाई म्हणाल्या. किल्ली त्यांच्या कमरेला लोंबत होती.

"अगं, ही काय!"

"ही दुसरी. अहो, माझं ऐका. ट्रंक नका उघडू. कसर उडेल सगळीकडे."

इन्स्पेक्टरांची नजर ट्रंकेकडे वळली. आतापर्यंत ते त्या ट्रंकेवर कोपर टेकून बसले होते.

"उडू दे!" गंगाधरपंत ओरडले. आयुष्यात ते फारसे ओरडले नव्हते, त्यामुळे आवाज चिरकला. "आज माझ्या इज्जतीचा प्रश्न आहे!" त्यांनी खलबत्त्यातला बत्ता उचलला आणि कुलपावर घातला. एक घाव, दोन घाव. कुलूप नवं होतं, पण लढाईच्या काळातलं होतं. ते पडलं. गंगाधरपंतांनी झाकण उघडलं, कडुलिंबाचा पाला दोन्ही हातांनी बाजूला सारला, आणि न पाहताच इन्स्पेक्टरांना म्हणाले, "हा घ्या!"

आत काठोकाठ शाळू होता. पांढराशुभ्र, मोत्यासारखा. थोडा काठावरून सांडून जमिनीवर टपटपला.

इन्स्पेक्टरांनी चार दाणे तळहातावर घेतले. "यातला 'एल' कुठला?" त्यांनी विचारलं.

गंगाधरपंतांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. विनोदिनीबाई भिंतीला टेकल्या होत्या. त्यांचा चेहरा त्या लाल पिठासारखा झाला होता. आणि एका क्षणात गंगाधरपंतांना सगळं कळलं. शिमग्याआधी पलूसकडच्या मेव्हण्याच्या शेतावरून त्याचा गडी गुंडा गाडीभर कडबा घेऊन आला होता. घरात म्हैस नसताना कडबा कशाला, असं आपण तेव्हा विचारलं होतं, आणि 'छपरावर घालायला' हे उत्तर आपल्याला पटलं होतं! आपल्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून बाईंनी आपल्याला काही सांगितलं नव्हतं. आणि त्यात त्यांचं चुकलं तरी काय होतं?

"हा माल कोणाचा?" इन्स्पेक्टर विचारत होते. "घरात आणला कोणी?"

विनोदिनीबाईंनी तोंड उघडलं.

"माझा," गंगाधरपंत म्हणाले. "मी आणला, मी ठेवला. ह्या घरातल्या धान्याचा राखणदार मी आहे. हिला यातलं काही ठाऊक नाही."

आयुष्यातली त्यांची ही पहिली थाप. ती इतकी बेढब होती, की इन्स्पेक्टरांनी एकदा बाईंच्या कमरेच्या किल्लीकडे आणि एकदा मास्तरांच्या हातातल्या बत्त्याकडे पाहिलं. मग त्यांनी सुस्कारा टाकला. "बतावणीची तक्रार निकालात काढतो," ते म्हणाले. "आमच्या खात्याचा माणूस म्हणून तुम्ही कोणाला खरे वाटाल, असं मला तरी वाटत नाही. ट्रंक मात्र जप्त. आणि तुम्हाला मामलेदारांसमोर यावं लागेल."

शिपायाने गर्दीतल्या दोघांना हाताशी घेऊन ट्रंक उचलली. गंगाधरपंत टोपी घालून तिच्यामागे निघाले, मान खाली घालून. आता सारं संपलं होतं. साठेबाज म्हणून नाव झालं, व्याख्यान गेलं. तेवढ्यात भिंतीवरून तात्यांचा आवाज आला, आणि त्यात आनंद मावत नव्हता.

"अहो पंत! आधी नाही का सांगायचं!"

"काय?"

"की तुमच्याकडेही आहे म्हणून!"

पेठेला कंठ फुटला. पद्मावहिनी डोळे पुसत विनोदिनीबाईंच्या गळ्यात पडल्या. "आम्ही किती वाईट बोललो हो तुम्हाला! आणि तुमच्याच घरी एवढा शाळू!" कोणी म्हणालं, मी आधीच सांगत होतो, सोहोनी मास्तर सज्जन माणूस आहे. यजमान घरात नाहीत असं सांगणारे यजमान स्वतः मास्तरांबरोबर कचेरीपर्यंत चालत गेले. कचेरीत मामलेदारांनी शाळू जप्त ठेवला, गंगाधरपंतांना भरपूर सुनावलं, वयाकडे पाहून दंडावर सोडलं. ते उभे राहून सगळं ऐकत होते आणि मधेच एकदा म्हणाले, "बायकोला ठाऊक नव्हतं, हे लिहून घेतलंत ना?"

संध्याकाळी ज्या ज्या घरात धान्य कसं दिसतं हेही कोणाला ठाऊक नव्हतं, त्या त्या घरातून पांढऱ्या शाळूच्या ऊन ऊन भाकऱ्या आल्या. चार दिवसांनी मेढ्याहून ज्ञानू आला. त्याने सुवासिक तांदळाचं गाठोडं ओटीवर ठेवलं. "आयेनं धाडलंय. बाळाच्या बारशाचा शिधा म्हनून," तो म्हणाला, "टाळू भरली म्हनावं मास्तरास्नी." गंगाधरपंतांना गाठोडं हाती घेतल्यावर तीच सळसळ ऐकू आली आणि ते इतके हसले, की त्यांना ठसका लागला. विनोदिनीबाईंनी मग गादी उलटून खालून कोशाचे सगळे खंड काढून दिले. 'एल' नेमका बरगडीखाली होता.

सांगलीहून चिटणिसांचा माणूस आला. नसल्याचं प्रमाण मिळालं होतं. कांजिण्यावाल्यांना परत आराम करायला सांगितलं होतं.

सभेला लोक खिडक्यांत बसले होते. शब्दाचं मूळ ऐकायला कमी, आणि मास्तर कसे दिसतात ते बघायला जास्त. विनोदिनीबाई पहिल्यांदाच नवऱ्याच्या व्याख्यानाला आल्या होत्या आणि बायकांच्या बाजूला खांबाशी बसल्या होत्या. गंगाधरपंतांनी राखणारा सांगितला, मळणारी सांगितली, खाणारा सांगितला. पुढच्या रांगेला तुषार उडाले, पण कोणी हललं नाही. शेवटी मागून एक फेटेवाला उठला.

"मास्तर, समदं पटलं. पर तुमच्या घरात राखनारा कोन, त्ये सांगा की."

सभा हसली. गंगाधरपंतांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. उत्तर त्यांनी व्याख्यानात धरलं नव्हतं.

"खरं सांगायचं तर," ते म्हणाले, "आमच्या घरात राखणारी आणि मळणारी एकच आहे. मी त्यातला तिसरा. खाणारा. एवढे दिवस भाकरी खाल्ली, पण ती कुठून येते हे मी कधी विचारलं नाही. गावभर मात्र विचारत फिरलो."

टाळ्या झाल्या. लोक इतके हसत होते, की खांबापाशी कोणी उभं राहिलंय हे आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. विनोदिनीबाई उभ्या होत्या. त्या मुळीच हसत नव्हत्या.

"अर्धंच सांगताय," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण सभा गप्प झाली. "मामलेदारांच्या पुढे मान खाली घालून, माझा आहे, मी ठेवला असं म्हणत उभा होता, तो कोण होता? तेही सांगा की सगळ्यांना."

गंगाधरपंतांनी चष्मा पुन्हा पुसून घातला. 'एल'चा खंड समोर उघडा होता, पण त्यांना त्यातलं एक अक्षर दिसेना. मग चिटणिसांनीच उठून आभार मानले.